नानीला झालं, मग मलाही होणार का?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अल्झायमर आणि जनुकं या विषयावर तुम्हाला काय विचारायचं आहे, ते चिठ्ठीवर लिहून द्या असं आयोजकांनी काल सांगितलं होतं. रात्री बसून मी त्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मुलांचं अक्षर लावायची सवय आहे. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर शब्द वेगळे आणि प्रश्न एकच होता: दादीला आहे, नानाला होता, मग अब्बूंना होणार का, मला होणार का? दोघातिघांनी विचारलंय की चुलत-मामे भावंडांत लग्नं होतात म्हणून हा आजार होतो का. एका चिठ्ठीवर नाव नाही, फक्त एवढंच लिहिलंय, 'अशा घरात रिश्ता करावा का?' आणि एकीवर, 'हा आजार आहे की असर?'

भाषणाच्या शेवटपर्यंत कुणी धाकधूक घेऊन बसू नये म्हणून पहिल्याचं उत्तर आधीच देते. दादी किंवा नानीला सत्तरीनंतर अल्झायमर झाला असेल, तर तुम्हाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, पण तो होणारच असं मुळीच नाही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला असेल तर शक्यता साधारण दुप्पट धरतात. काही मोजकी घरं अशी असतात की जिथं एकच जनुक सगळं ठरवून टाकतं. ती जगात फार थोडी आहेत. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की भीती सुरू होते, म्हणून आज मी त्या वेगळ्या करून दाखवणार आहे.

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात, घरात उर्दू बोलणारे 'सठिया गए' म्हणतात. विसरणं हे म्हातारपणाचंच लक्षण, असं त्यात गृहीत आहे. पण या आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या डॉ. आलोइस अल्झायमर यांची पहिली रुग्ण म्हातारी नव्हती. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली, वय ५१. तिला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं, नवऱ्यावर ती संशय घ्यायची. १९०६ मध्ये ती वारल्यावर अल्झायमरनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत पीळ पडलेले धाग्यांचे गुंते त्यांना दिसले. पुटं अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

पहिली रुग्ण पन्नाशीची निघाल्यामुळे झालं असं, की पुढची कित्येक दशकं अल्झायमर हा तरुणपणीचा दुर्मीळ आजार मानला गेला आणि म्हाताऱ्यांचं विसरणं 'वयाचं' ठरलं. दोन्हीकडे मेंदूत तेच घडतंय, म्हणून आजारही एकच मानला पाहिजे, असं रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून लिहिलं ते १९७६ मध्ये. बिचाऱ्या ऑगुस्टे डेटरची चौकशी मात्र अजून संपलेली नाही. तिच्या मेंदूच्या शंभर वर्षं जुन्या काचपट्ट्या सापडल्या. त्यांतून तिच्या जनुकातला दोष मिळाला, असं २०१३ मध्ये काही संशोधकांनी जाहीर केलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तेच नमुने तपासून सांगितलं की असा दोष आम्हाला दिसत नाही. विज्ञानातलं हे असं भांडण मला आवडतं. कुणी कुणाच्या श्रद्धेला धक्का लावला म्हणून तिथं ओरड होत नाही, नमुना पुन्हा तपासला जातो.

आता आधी ती मोजकी घरं पाहू.

पहिला धागा डाऊन सिंड्रोममधून मिळाला. ही मुलं एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती घेऊन जन्मतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत तीच पुटं दिसू लागतात. म्हणजे या गुणसूत्रावर काहीतरी असलं पाहिजे. १९८७ मध्ये अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनापासून कापून निघतं त्याचं जनुक तिथंच सापडलं. त्याला एपीपी म्हणतात. पण एपीपीमधल्या बिघाडानेच आजार होतो हे सिद्ध व्हायला एक पत्र कारणीभूत झालं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम भागातल्या कॅरल जेनिंग्ज या शिक्षिकेने १९८० च्या दशकात लंडनच्या संशोधकांना कळवलं, की माझे वडील आणि त्यांची अनेक भावंडं पन्नाशीतच या आजाराने गाठली आहेत, आमच्या घराण्याचा काही उपयोग होईल का? जॉन हार्डी यांच्या गटाने या कुटुंबाचं रक्त तपासलं, आणि १९९१ मध्ये एपीपीमधला दोष जगापुढे आला. आजाराच्या मुळाशी अमायलॉइड आहे, हा विचार त्यानंतर जोर धरत गेला आणि आजची नवी औषधंही त्यातूनच आली. कॅरलबाईंनी स्वतः मात्र चाचणी करून घेतली नाही. २०१२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांना निदान झालं आणि २०२४ मध्ये त्या गेल्या. ज्यांच्यामुळे साऱ्या जगाला उत्तर मिळालं, त्यांनी स्वतःचं उत्तर मागितलं नाही. चाचणीचा विषय निघेल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

१९९५ मध्ये आणखी दोन जनुकं सापडली, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२. या तिघांपैकी एकातला असा दोष आईकडून किंवा वडिलांकडून आला, की एकच प्रत पुरते. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. आणि आजार येतो तो बहुधा तीस ते साठ या वयात. जगातल्या एकूण रुग्णांत अशांचं प्रमाण एक टक्काही भरत नाही.

अशी सगळ्यात मोठी वस्ती कोलंबियातल्या अँटिओकिया प्रांतात, डोंगराळ भागातल्या गावांमध्ये आहे. एकाच घराण्याच्या फांद्या, हजारो माणसं. तिथं दोष असलेल्यांत चव्वेचाळिशीच्या आसपास विसरणं सुरू होतं आणि पन्नाशीच्या आसपास स्मृतिभ्रंश गाठतो. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी उभी हयात या कुटुंबांमागे घालवली. २०२४ मध्ये ते वारले. अलिरिया पिएद्राहिता ही त्याच घराण्यातली एक बाई. तिच्यात तोच ठरवून टाकणारा दोष होता, मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेलं होतं, पण सत्तरी येईपर्यंत तिला फारसं काही झालं नाही. टाऊचे गुंतेच तिच्यात कमी होते. २०१९ मध्ये याचं संभाव्य कारण प्रसिद्ध झालं. दुसऱ्या एका जनुकाचा, क्राइस्टचर्च नावाचा अगदी दुर्मीळ प्रकार तिला आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता, आणि त्याने तिला जवळजवळ तीस वर्षं राखलं. 'ठरवून टाकणारं' असं मी मघाशी म्हटलं, तेही पूर्ण खरं नाही, ते असं.

हे दुसरं जनुक म्हणजे एपीओई. तुमच्या-माझ्या घरांशी ज्याचा संबंध येऊ शकतो ते हे. त्याचं मूळ काम साधं आहे, शरीरात आणि मेंदूत चरबी आणि कोलेस्टेरॉल इकडून तिकडे वाहून नेणारं प्रथिन बनवणं. त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत: ई-२, ई-३ आणि ई-४. फरक किती, तर २९९ दुव्यांच्या साखळीत फक्त दोन जागी, ११२ व्या आणि १५८ व्या दुव्याला. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक अम्मीकडून, एक अब्बूंकडून. बहुतेकांकडे दोन्ही ई-३ असतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने दाखवलं की म्हातारपणी येणाऱ्या अल्झायमरच्या रुग्णांत ई-४ फार मोठ्या प्रमाणात दिसतो. ई-२ उलट थोडं राखतो.

युरोपीय वंशाच्या लोकांतले आकडे सांगते. एक प्रत ई-४ असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. 'बारा पट' ऐकलं की छातीत धस्स होतं. पण पट म्हणजे कशाच्या पट, हे विचारायचं असतं, आणि हे मी बारावीच्या वर्गात दरवर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. त्याच लोकांतला एक अंदाज असा, की वयाच्या ८५ वर्षांपर्यंत एक ई-४ असलेल्या साधारण चारांपैकी एकाला अल्झायमर होतो, आणि दोन असलेल्यांपैकी निम्म्यांना किंवा थोड्या जास्त जणांना. म्हणजे एक प्रत असलेल्या चारांतले तीन जण ८५ पर्यंत सुटतात. शिवाय अनेक रुग्णांकडे ई-४ नसतोच. दोन प्रती असणाऱ्यांकडे आता वेगळ्या नजरेने पाहायला हवं, त्यांच्यात मेंदूतले बदल जवळजवळ नेहमीच दिसतात, असं २०२४ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने म्हटलंय. त्यावर वाद चालू आहे.

एपीओईशिवाय धोका थोडाथोडा वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या आणखी ७५ जागा २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात नोंदल्या गेल्या. त्यात बहुतांश रक्त युरोपीय वंशाच्या लोकांचं होतं. आपलं फारसं नाही.

आणि याने फरक पडतो. नायजेरियातल्या इबादान शहरातल्या योरुबा लोकांत ई-४ भरपूर आहे, पण तिथल्या अभ्यासात त्याचा आजाराशी नेहमीसारखा संबंध दिसला नाही. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये १९९० च्या दशकात भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून पाहणी केली. म्हाताऱ्यांपैकी बरेच जण कधी शाळेत गेलेले नव्हते, त्यामुळे 'आजची तारीख सांगा, वाक्य लिहा' ही इंग्रजी चाचणी तिथं निरुपयोगी. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ती हिंदीत नव्याने बांधली. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा', वजाबाक्यांऐवजी वारांची नावं उलटी म्हणा, असं. आजाराचं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत बरंच कमी आढळलं. तिथं ई-४ शंभर प्रतींत ११ होता, इथं ७. पण ज्यांच्याकडे होता, त्यांच्यात त्याचा आजाराशी संबंध दोन्हीकडे सारखाच.

आता भावंडांतल्या लग्नांकडे येते, कारण यावर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी बेफाम बोललं जातं.

उत्तर इस्रायलमध्ये वादी आरा नावाचं खोरं आहे. बहुतेक वस्ती अरब मुस्लिमांची, उम्म अल-फहम हे तिथलं मोठं गाव. कुळातल्या कुळात लग्नं करण्याची पद्धत जुनी. १९९० च्या दशकात संशोधकांनी तिथल्या साठीपुढच्या आठशेहून जास्त जणांची तपासणी केली. शंभरात सुमारे वीस जणांना अल्झायमर निघाला. इतर देशांतल्या त्या वयाच्या लोकांपेक्षा हे प्रमाण फार मोठं होतं. मग सगळ्यांना वाटलं, ई-४ खूप असणार. तपासलं तर उलटंच, शंभर प्रतींत चारच्या आसपास, जगातल्या कमीत कमींपैकी एक. तेव्हा तर्क असा झाला की कुळातल्या लग्नांमुळे दोन्ही बाजूंनी एकच लपलेला दोष एकत्र येत असावा. २००३ मध्ये तिथल्या लोकांची गुणसूत्रं चाळली तेव्हा एकच गुन्हेगार जनुक सापडलं नाही. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर संशयाच्या काही जागा मिळाल्या, एवढंच.

पण त्या पाहणीत दुसरंही काही दिसत होतं. आजारी माणसांत निरक्षरांचा भरणा होता, आणि निरक्षरांत बायकांचा. २०१२ मध्ये त्याच भागातल्या गावांची नवी पाहणी प्रसिद्ध झाली. अल्झायमरचं प्रमाण आधीच्या निम्म्यावर, शंभरात दहाच्या आसपास भरलं, आणि बाई असणं व शाळा न मिळणं या दोन गोष्टी पुन्हा ठळक दिसल्या. वादी आराची पहिली बातमी जगभर गेली ती 'नात्यातल्या लग्नांमुळे अल्झायमर' अशा सुरात. शाळेचा मुद्दा मात्र मागेच राहिला. मला विचाराल तर त्या खोऱ्यातून आपण शिकावं असं जे काही आहे ते तिथंच आहे.

तरी प्रश्न जनुकांचा आहे, तर हिशेब करून पाहू. कागद घ्या. बल्लभगडचा आकडा धरू, शंभर प्रतींत सात ई-४. नात्याबाहेरच्या जोडप्याच्या मुलाला दोन्ही प्रती ई-४ मिळण्याची शक्यता सात गुणिले सात, म्हणजे दहा हजारांत ४९. हजारात जवळजवळ पाच. सख्ख्या चुलत किंवा मामे भावंडांनी लग्न केलं, तर त्यांच्या मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक असते. तेवढी भर घातली की हजारात पाचाचे नऊ होतात. वाढ झाली, जवळजवळ दुप्पट झाली, आणि तरीही हजारातले ९९१ जण त्यात नाहीत. आणि मघाच्या त्या तीन ठरवून टाकणाऱ्या जनुकांचं काय? त्यांना एकच प्रत पुरते. बायको नात्यातली असो की दूर देशातली, मुलाची शक्यता निम्मीच राहते.

थोडक्यात, अल्झायमरसाठी नात्यातल्या लग्नाला दोष देणं फारसं टिकत नाही. नात्यात लग्न करू नये असं माझं मत आहेच, पण त्याची कारणं वेगळी आहेत: थॅलेसेमिया, काही प्रकारचं जन्मजात बहिरेपण, चयापचयाचे आजार. तिथं दोन बिघडलेल्या प्रती एकत्र आल्या की मूल आजारी जन्मतं. आणि हे फक्त आपल्यातच होतं असं समजू नका. महाराष्ट्रात कितीतरी हिंदू जातींत मामाची मुलगी करतात, दक्षिणेत त्याहून जास्त. लग्नाआधी तपासणी करायचीच असेल तर थॅलेसेमियाची करा, साध्या रक्तचाचणीत कळतं. अल्झायमरसाठी कुणाच्या मुलीचं रक्त मागू नका.

त्या निनावी चिठ्ठीबद्दल बोलते. ती ज्याने किंवा जिने लिहिली, त्याला माझ्या घरातलं सांगते. माझ्या नानीचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. पंचाहत्तरीनंतर ती विसरू लागली. चार रकअतींत ही तिसरी की चौथी, असा गोंधळ आपल्यापैकी कुणाचाही होतो. नानी वुजू करून उठायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा वुजूला बसायची. आत्ताच केलात म्हटलं की रागवायची, मला वेडी ठरवता का म्हणून. रमजान नसताना मध्यरात्री उठून सहरीसाठी चूल पेटवायची. शेजारी म्हणाले असर आहे. मामूंनी झाडफूंक करून घेतली, ताविज बांधला, पैसे गेले. ते सोडा, ते पैसे आम्ही पुढे कमावले. पण त्याच सुमारास माझ्या मामेबहिणीचा रिश्ता जवळजवळ पक्का झाला होता. समोरच्यांनी नानीला पाहिलं आणि आठ दिवसांनी निरोप आला, 'त्यांच्या घरात डोक्याचं आहे.' बहीण तेव्हा बावीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली. नानीला आजार लागला शहात्तराव्या वर्षी. या दोन्हींत चोपन्न वर्षांचं अंतर आहे. पुढे चोपन्न वर्षांनी कदाचित, आणि तेही बहुधा नाहीच, एवढ्यासाठी मुलगी नाकारली गेली. त्याच बैठकीत मुलाच्या वडिलांना साखर होती, त्यांनी दोनदा गोड मागून घेतलं, त्यावर कुणी काही बोललं नाही.

मला भीती याची आहे की 'असर' जाईल आणि त्या जागी 'जीन' येईल. शब्द इंग्रजी आणि शिक्का तोच. खानदान तपासून माणसाची किंमत ठरवायची सवय आपल्या समाजात जुनी आहे, जनुकाने तिला नवा दाखला देता कामा नये.

म्हणून चाचणीबद्दल माझं मत उघड सांगते. वयाच्या विशीत, गंमत म्हणून, ऑनलाइन थुंकीची डबी मागवून एपीओई तपासू नका. ख्रिस हेम्सवर्थ, तुमचा तो थॉर, त्याला २०२२ मध्ये एका मालिकेच्या निमित्ताने कळलं की त्याच्याकडे ई-४ च्या दोन्ही प्रती आहेत. त्याच्या आजोबांना अल्झायमर होता. हे कळल्यावर त्याच्या दिमतीला डॉक्टरांची फौज होती, तुमच्या दिमतीला एक पीडीएफ असेल. डीएनएची रचना शोधणारे जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा सगळा जनुकसंच जगापुढे ठेवला, फक्त एपीओई झाकायला सांगितलं. त्यांच्या आजीला हा आजार होता. पुढे काहींनी दाखवलं की आजूबाजूची अक्षरं पाहून झाकलेलं ओळखता येतं, तेव्हा आजूबाजूचा मोठा भागही झाकावा लागला. अशा माहितीची राखण किती कठीण असते पाहा. थुंकीवरून अल्झायमरचा धोका सांगायची परवानगी अमेरिकेत २०१७ मध्ये ज्या कंपनीला मिळाली, त्या ट्वेंटीथ्री-अँड-मीची जवळजवळ ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरांच्या हाती लागली, आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जनुकांवरून नोकरी किंवा आरोग्य विमा नाकारू नये असा कायदा अमेरिकेत २००८ पासून आहे. आपल्याकडे खास या कामाचा तसा कायदा नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. रुग्णांच्या मुलांना नीट समुपदेशन करून त्यांचा एपीओई सांगितला, तर ते कोसळत नाहीत, असं अमेरिकेतल्या एका चांगल्या अभ्यासात २००९ मध्ये दिसलं. ई-४ असल्याचं कळलेल्या लोकांत नंतर टिकून राहणारी चिंता वाढली नाही. तेव्हा चाचणी म्हणजे पाप आहे असं काही नाही. दोन ठिकाणी तर ती करायलाच हवी. एक, घरात पिढ्यान्‌पिढ्या पन्नाशीच्या आत हा आजार येत असेल तर. तिथं एपीओई नव्हे, ती तीन जनुकं तपासायची, आणि आधी समुपदेशकाशी बोलून. दोन, लेकॅनेमॅब किंवा डोनॅनेमॅब ही नवी औषधं द्यायची असतील तर, कारण ई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत त्यामुळे मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. ही औषधं आजार मंदावतात, बरा करत नाहीत.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरांत साडेसात माणसांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. त्यातला मोठा वाटा अल्झायमरचा धरतात. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. पुन्हा वादी आराच. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने १४ कारणं मोजली, ज्यांवर काम करता येतं, आणि म्हटलं की जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्यामुळे टळू किंवा लांबू शकतात. त्यात लहानपणी शिक्षण कमी मिळणं आहे. ऐकू न येणं आणि नजर अधू होणं आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, सिगारेट, दारू आहे. डोक्याला मार आहे, म्हणजे तुमचं हेल्मेट. नैराश्य, एकटेपणा, बसून राहणं, हवेतला धूर.

यात मी दोनच गोष्टींवर थांबते. नववीनंतर शाळा सुटलेली बहीण घरात असेल तर तिचं नाव पुन्हा घाला. शिक्षणाने जनुक बदलत नाही, पण मेंदूत एवढे पर्यायी रस्ते तयार होतात की चार बंद पडले तरी वाहतूक चालू राहते. आणि दादाजींना ऐकू येत नसेल तर 'आता वय झालं' म्हणू नका, कान तपासा, यंत्र घ्या. ऐकू न येणारा माणूस बोलणं सोडतो, मशिदीतून आल्यावर ओट्यावर बसणं सोडतो, आणि डोकं रिकामं बसतं. जनुक तपासणीच्या पैशात श्रवणयंत्राला हातभार लागेल.

शेवटची चिठ्ठी, असर की आजार. आजार आहे. पण 'विसरतात' म्हणून लगेच अल्झायमरही म्हणू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साठलेलं रक्त, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांमुळे माणूस विसरतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी किंवा मानसोपचार विभागात दाखवा. दुआ जरूर करा, पण रिपोर्ट आधी काढा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथं मार्गदर्शन मिळतं. निदान झालंच तर बँकेची सही, पेन्शनचे कागद, घराची वाटणी, हिबा किंवा वसियत करायची असेल ती, माणसाला समजतंय तोवर उरका. नंतर भाऊ भावाविरुद्ध कोर्टात उभा राहतो. आणि सांभाळायचं कुणी, हे भाऊ-बहिणींनी एकत्र बसून ठरवा. ते ठरत नाही तेव्हा सगळं सुनेवर किंवा लग्न न झालेल्या मुलीवर पडतं. आमच्या घरी ते माझ्या धाकट्या खालावर पडलं, नऊ वर्षं.

तीन चिठ्ठ्या गोळ्यांच्या डोसबद्दल आहेत. त्या मी बाजूला ठेवल्या आहेत, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. ज्यांच्या घरात पन्नाशीच्या आत कुणाला झालं आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला एकटीला गाठा, आपण बसून वंशावळ काढू.